मॉन्ट्रोझची वाळू

जुलैतल्या रविवारी शिकागोतल्या मॉन्ट्रोझच्या किनाऱ्यावर पोहोचायचं तर आधी धुरातून जावं लागतं. लेक शोअर ड्राइव्हच्या पुलाखालून पूर्वेला आलात की दोन्ही बाजूंच्या हिरवळीवर कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या असतात. मेक्सिकन कुटुंबं सकाळीच येऊन झाडाखालची जागा धरतात. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे आलेले, फांदीला फुगे, बर्फाच्या पेट्या, मोठ्याने लावलेली गाणी. पलीकडे फुटबॉल चालू. घंटा वाजवत एकजण बर्फाच्या कांड्यांची हातगाडी ढकलत जातो आणि पोरं खेळ टाकून त्याच्या मागे धावतात. कुणी व्हिएतनामीत बोलतं, कुणी पोलिशमध्ये, कुणी अशा भाषेत की जिचा अंदाजही करता येत नाही. मग झाडं संपतात, वाळू सुरू होते आणि समोर नुसतं पाणी.

पलीकडचा काठ दिसत नाही. लेक मिशिगनचं क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात बुडेल. सर्वांत खोल जागी ते २८१ मीटर आहे. लाटा येतात, फेस येतो, क्षितिजावर मालवाहू जहाज दिसतं. पण नाकातोंडात गेलेलं पाणी गोडं लागतं, आणि भरती-ओहोटी डोळ्यांना कळेल इतकी नसतेच. माझं लहानपण गुहागरला गेलं. पाण्याची रेघ आता कुठवर येईल याचा हिशेब न करता चपला वाळूत काढून ठेवणं माझ्या अंगवळणी पडायला इथे बराच काळ गेला.

या किनाऱ्याला फाटक नाही, तिकीट नाही. गाडी आणली तर पार्किंगचे पैसे पडतात, सायकलने आलात तर तेही नाहीत. शिकागोच्या हद्दीतला तलावकाठ बहुतांश असाच आहे. पाण्याच्या कडेने जाणारी पायवाट जवळजवळ २९ किलोमीटर लांब आहे. उत्तरेकडच्या काही उपनगरांमध्ये बाहेरून आलेल्या माणसाला वाळूवर पाय ठेवायचे पैसे मोजावे लागतात. तेच पाणी, तीच वाळू.

आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने पाण्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग मागे वळून लेक शोअर ड्राइव्हपलीकडच्या उंच इमारतींकडे पाहिलं आणि विचारलं, "काय रे, एवढी जागा यांनी मोकळी कशी सोडली? कुणी बांधलं कसं नाही?"

कोकणातल्या जमिनींचे व्यवहार तिने आयुष्यभर जवळून पाहिले आहेत, त्यामुळे तिला हे खटकलं. मला तोवर खटकलं नव्हतं. किनारा मोकळा आहे हे मी हवामानासारखं गृहीत धरलं होतं. तिला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला लागलो आणि कळलं, की कुणी आपणहून काहीच सोडलेलं नाही.

१८३६ साली इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या आयुक्तांनी शहराचे भूखंड विकायला काढले. त्या वेळी मिशिगन अव्हेन्यूच्या पूर्वेकडच्या पट्ट्यावर त्यांनी नकाशातच लिहून ठेवलं, की ही सार्वजनिक जमीन आहे, ती कायम मोकळी राहील, तिच्यावर इमारत किंवा कसलाही अडथळा येणार नाही. नकाशावरच्या ओळीने काही अडत नाही. पुढे रेल्वे आली, तिचे रूळ काठाकाठाने पाण्यात खांबांवर उभे राहिले. आणि १८६९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने शहरासमोरचा तलावाचा तळ, हजार एकरांहून अधिक, इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीला देऊन टाकला. तळ म्हणजे पाण्याखालची जमीन. भर घालायची, धक्के बांधायचे, गोदामं उभारायची आणि शिकागोचं बंदर एका कंपनीच्या खिशात घालायचं. चार वर्षांनी विधिमंडळाने हा कायदा मागे घेतला. कंपनी म्हणाली, एकदा दिलेलं परत घेता येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८९२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी म्हटलं, की अशा पाण्याखालची जमीन सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते. लोकांनी त्या पाण्यात होड्या चालवाव्यात, मासे धरावेत, व्यापार करावा यासाठी सरकार ती सांभाळतं. सांभाळायला दिलेली वस्तू सरकारला विकून मोकळं होता येत नाही.

एका मताचा फरक. तो उलट पडला असता तर आज काय दिसलं असतं, हे सांगता येत नाही, पण इथे उभं राहिलं की तो विचार माझ्या मनात हमखास येतो.

हाच निकाल पुढे आपल्याकडे पोहोचला. हिमाचलात बियास नदीच्या काठी एका हॉटेलने जागा बळकावून नदीचा प्रवाहच वळवायचा प्रयत्न केला होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, सरकार हे नद्या, किनारे, जंगलं यांचं विश्वस्त आहे, हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. आणि ते सांगताना शिकागोच्या या काठाचा खटला सविस्तर मांडला. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग गुहागरलाही लागू असेल की." लागू आहे. तिथे कुणी भांडायला उभं राहतं का, एवढाच प्रश्न.

इथे एकजण उभा राहिला. मॉन्टगोमेरी वॉर्ड हा टपालाने माल विकणारा व्यापारी. त्याची कचेरी मिशिगन अव्हेन्यूवर होती आणि समोरच्या 'कायम मोकळ्या' जमिनीवर कचरा, छपऱ्या, रेल्वेचा पसारा साचलेला दिसायचा. १८९० मध्ये त्याने शहरावर खटला भरला आणि १९११ पर्यंत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा जाऊन लढत राहिला. १८३६ च्या नकाशावरची ती ओळ त्याने शब्दशः पाळायला लावली. शहरातल्या बड्या लोकांना तो आवडत नव्हता, कारण त्यांना तिथे चांगल्या चांगल्या इमारती बांधायच्या होत्या. फील्ड म्युझियमसारखं संग्रहालयही त्याच्यामुळे ग्रँट पार्कमधून दक्षिणेला सरकवावं लागलं. वाईट गोष्टीला नकार देणं सोपं असतं. वॉर्डने चांगल्या गोष्टीला नकार दिला, आणि मला तो त्यासाठीच मोठा वाटतो. डॅनियल बर्नम आणि एडवर्ड बेनेट यांनी १९०९ च्या नगररचना आराखड्यात तलावकाठ हा जनतेचा हक्काचा आहे असं मांडलं, आणि त्याचं श्रेय त्यांना मिळतं, मिळायलाही हवं. पण त्याआधीची वीस वर्षं एक माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता.

हे भांडण संपलेलं नाही. २०१४ मध्ये दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचं संग्रहालय सोल्जर फील्ड स्टेडियमजवळ काठावर उभारायचं ठरलं. फ्रेंड्स ऑफ द पार्क्स ही संस्था कोर्टात गेली, तिने तेच जुनं विश्वस्ताचं तत्त्व पुढे केलं, आणि २०१६ मध्ये लुकास यांनी शिकागोचा नाद सोडला; पुढे संग्रहालय लॉस एंजेलिसला गेलं. त्या वेळी ऑफिसात बऱ्याच जणांना हळहळ वाटली. एवढं मोठं संग्रहालय गेलं, आणि कशासाठी, तर एका पार्किंगच्या जागेसाठी! मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की पार्किंग उद्या उखडता येतं. थोडं दक्षिणेला मॅकॉर्मिक प्लेसचं प्रचंड प्रदर्शन केंद्र काठावर बसलेलं आहे. १९६७ मध्ये ते आगीत भस्मसात झालं, जागा आयती मोकळी झाली होती, आणि तरी चार वर्षांत ते तिथेच पुन्हा उभं राहिलं.

आता एक विचित्र गोष्ट. ज्या काठासाठी एवढं भांडण झालं, तो बराचसा माणसाने केलेला आहे. १८७१ च्या महाआगीत शहर जळलं, तेव्हाचा ढिगारा, विटा, राख मिशिगन अव्हेन्यूसमोरच्या पाण्यात लोटली गेली. मॉन्ट्रोझही भरावच. मी जिथे चटई अंथरतो तिथे शंभर वर्षांपूर्वी पाणी होतं. भराव टाकून हे टोक तलावात पुढे काढलं गेलं आणि १९३८ मध्ये आल्फ्रेड कॉल्डवेल यांनी त्यावरच्या झाडाझुडपांची आखणी केली. पुढे इथे सैन्याचा तळ होता. बराकी दिसू नयेत म्हणून एका कडेला झुडपांची रांग लावली होती. सैन्य गेलं, झुडपं राहिली. स्थलांतर करणारे पक्षी रात्रभर तलावाच्या काठाने उडून पहाटे थकून त्या झुडपांत उतरतात, म्हणून पक्षीनिरीक्षक तिला 'मॅजिक हेज' म्हणतात. इथे तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

भरावाची जमीन कुणाची, हा प्रश्न आणखी एका समाजाने विचारला होता. हा सारा प्रदेश पोटावाटोमी लोकांचा. १८३३ च्या शिकागो करारानंतर त्यांतल्या बहुतेकांना मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं. मिशिगन राज्यात टिकून राहिलेल्या पोकागन पोटावाटोमींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिकागोवर खटला भरला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमच्या पूर्वजांनी करारात जमीन दिली ती काठापर्यंत; तलाव दिला नव्हता; मग तलावात भर घालून केलेली जमीन आमची. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. तुम्ही ते पाणी कधीच सोडून गेलात, असं त्यांना सांगण्यात आलं. 'जनतेची ठेव' या शब्दांनी मी भारावून जातो तेव्हा हा निकालही आठवावा लागतो. जनता म्हणून कुणाला मोजायचं, हे ठरवणारं कुणीतरी असतंच.

त्यानंतर दोनच वर्षांनी ते पाण्यात दिसलं.

२७ जुलै १९१९, रविवार, कडक ऊन. शहराच्या दक्षिण भागात पंचविसाव्या रस्त्याच्या टोकाला काळे लोक पोहत, एकोणतिसाव्या रस्त्यापाशी गोरे. असा कायदा कुठेही नव्हता. उलट इलिनॉयमध्ये १८८५ पासून सार्वजनिक जागी भेदभाव करायला बंदी होती. पण पाण्यात एक रेघ होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर लाकडी तराफ्यावर होता. तराफा वाहत त्या रेघेपलीकडे गेला. काठावरून एक गोरा माणूस दगड मारू लागला. यूजीन बुडाला. लोकांनी दगड मारणारा दाखवून दिला, तरी तिथल्या पोलिसाने त्याला पकडलं नाही. मग शहर पेटलं. आठवडाभर दंगल चालली, ३८ माणसं मेली, त्यांत २३ काळी आणि १५ गोरी. पाचशेहून जास्त जखमी झाली, सुमारे हजार काळी कुटुंबं बेघर झाली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मराठी माणसाच्या मनात जे यायचं तेच आलं. महाड. तिथेही कागद तयारच होता. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झालेला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलेलं. आणि तरी चवदार तळ्यावर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसाला पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. दोन देशांतल्या दोन अन्यायांची मोजमाप करावी, असं मला वाटत नाही. जात आणि वंश एक नव्हेत. पण पाणी सार्वजनिक आहे असं लिहिणं आणि त्या पाण्यात प्रत्यक्ष हात घालता येणं, यांच्यामध्ये किती दगड पडलेले असतात, हे समजायला मला महाड आधी ठाऊक असल्याची मदत झाली.

शिकागोत ती रेघ १९१९ नंतरही पुसली गेली नाही. आणखी दक्षिणेला रेनबो बीच आहे. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या एका डिव्हिजनवरून त्याला ते नाव मिळालं. ऑगस्ट १९६० मध्ये वेल्मा मर्फी ही तरुणी, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या युवा शाखेतल्या काळ्या-गोऱ्या साथीदारांना घेऊन तिथे गेली. त्यांनी चादरी अंथरल्या, पत्ते खेळले, पाण्यात उतरले. तिथे तेव्हा फक्त गोरे येत. जमाव जमला, दगड आले, एक वेल्माच्या डोक्यात बसला. पुढच्या उन्हाळ्यात ही मंडळी पुन्हा आली, पुन्हा पुन्हा येत राहिली, तेव्हा कुठे ती वाळू उघडली. सत्याग्रह म्हणजे काय, तर सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर येऊन इतरांसारखं बसणं. मी रेनबोला मुलांना घेऊन गेलो होतो. त्या घटनेचा फलक तिथे २०११ पासून आहे. मुलांनी वाचला, आणि धाकटीने विचारलं, "बाबा, ते फक्त बसलेच होते ना?" हो, फक्त बसलेच होते.

या सगळ्याशी तलावाला काही देणंघेणं नाही. त्याचा स्वभाव वेगळाच आहे, आणि तो न ओळखणारी माणसं दरवर्षी जीव गमावतात. पश्चिमेचा वारा जोराने सुटला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. काल तासभर डुंबलात तिथे आज घोटा बुडवला तरी पाय बधिर. हिरवं निशाण असेल तर पोहा, पिवळं असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात जायचं नाही, हे इथली पोरं अक्षरओळखीच्या आधी शिकतात. मॉन्ट्रोझच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं की मला २६ जून १९५४ ची सकाळ आठवते. वादळ तलावावरून पलीकडे निघून गेलं होतं. त्याने ढकललेलं पाणी समोरच्या काठावर आपटून उलटं आलं आणि वारा पडलेला असताना अचानक चढलं. आठ माणसं गेली. समुद्राला भरतीचं वेळापत्रक असतं. या पाण्याला ते नाही.

पातळीही अशीच. जानेवारी २०१३ मध्ये तलाव नोंदींमधल्या नीचांकाला होता, आणि २०२० मध्ये महिन्यामागून महिना त्या त्या महिन्याचे उच्चांक मोडत होता. सात वर्षांत सहा फुटांच्या आसपास फरक. उत्तरेच्या रॉजर्स पार्कमधल्या लहान किनाऱ्यांची वाळूच गेली, आणि तिथे दगड टाकावे लागले.

त्याच २०२० च्या मार्चमध्ये, २६ तारखेला, महामारीमुळे शहराने सगळा तलावकाठ बंद केला. पायवाट जूनमध्ये उघडली, वाळू मात्र तो संपूर्ण उन्हाळा बंद होती. बंद करणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत कुणालाच पुरतं काही कळत नव्हतं. पण तेव्हा दिसलं, की हा किनारा कुणासाठी किती आहे. उपनगरात ज्यांची मागची हिरवळ आहे त्यांना फार फरक पडला नाही. आमच्यासारख्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांचं तर हेच अंगण. आमच्या इमारतीतली एक बाई, आठवडाभर दवाखान्यात साफसफाईचं काम करणारी, रविवारी मुलांना घेऊन मॉन्ट्रोझला यायची. त्या उन्हाळ्यात ती मुलांना घेऊन जिन्यात बसायची. मे २०२१ मध्ये किनारे उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी ती तिथे दिसली, आणि तिने मला लांबूनच हात केला.

आणि हक्क सांगणारं आणखी एक कुटुंब मध्येच येऊन बसलं होतं. २०१९ च्या उन्हाळ्यात मॉन्ट्रोझच्या वाळूवर पायपिंग प्लोव्हरच्या एका जोडीने घरटं केलं. आपल्याकडच्या चिखल्या पक्ष्याच्या नात्यातला, वाळूच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. महासरोवरांच्या (ग्रेट लेक्सच्या) काठावरची त्यांची संख्या १९८०च्या दशकात वीसपेक्षा कमी जोड्यांवर आली होती, कारण त्यांना हवी असते मोकळी, रुंद वाळू, आणि तीच आपल्यालाही हवी असते. लोकांनी त्यांची नावं मॉन्टी आणि रोझ ठेवली. ऑगस्टमध्ये त्याच वाळूवर मोठा संगीत महोत्सव व्हायचा होता. तो रद्द झाला. तिकिटं घेतलेल्या तरुणांचा विरस झाला असणार, आणि मला त्यांच्याबद्दल वाईटही वाटलं. पण वॉर्डच्या वेळी 'नाही' इमारतींना म्हटलं होतं, या वेळी ते गर्दीला, म्हणजे आम्हालाच, ऐकावं लागलं. ज्या किनाऱ्यावर कुणालाही येता येतं, तिथे येणाऱ्यांनीच थोडी जागा सोडायची. दोरी लागली, तिच्या कडेला स्वयंसेवक खुर्च्या टाकून पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बसू लागले. २०२१ मध्ये राखीव पट्ट्यात ३.१ एकरांची भर पडली. माझ्या ओळखीतल्या काहींनी कुरकुर केली, की दोन पाखरांसाठी किती वाळू द्यायची? मला वाटतं, बरीच द्यावी. आपल्याकडे २९ किलोमीटर आहेत.

मॉन्टी मे २०२२ मध्ये इथेच मेला, रोझ त्या वर्षी परतली नाही. त्यांचा मुलगा इमानी मात्र येत राहिला. काही हंगाम तो एकटाच वाळूवर शीळ घालत फिरला. २०२४ मध्ये सी रॉकेट नावाची मादी त्याला मिळाली आणि त्यांचं एक पिल्लू वाचलं. दोरी अजून आहे. आमच्या पोरांचा फुटबॉल तिच्यापलीकडे जातोच, दर रविवारी एकदा तरी. आत पाऊल टाकायचं नाही, खुर्चीवरच्या काकूंना हाक मारायची आणि त्या आणून देईपर्यंत थांबायचं, हे त्यांना ठाऊक आहे; आणि काकू काही घाई करत नाहीत.